आनंद हे पूर्वलक्षण

चांगली साडी नेसली की माझ्या घराचं दार बंद होतं.

मी कपाटातली इरकल काढते, पदर नीट करत आरशासमोर उभी राहते, केसांत अबोलीची चार फुलं खोचते, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून 'टक्' असा आवाज येतो. चौकटीवरचा हिरवा दिवा केशरी होतो. मग एक बाई बोलते, "त्रिशलाजी, आज बाहेर जाणं टाळा. विश्रांती घ्या." ही बाई कोण, कुठली, मला ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंनीसुद्धा इतक्या गोड आवाजात मला कधी घरात बसवलं नव्हतं.

हे सगळं माझ्या कानामागच्या पट्टीमुळे होतं. पण पट्टीच्या आधी चक्कर येण्याचं सांगायला हवं, आणि ते फार जुनं आहे.

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा ट्रंक कॉलचे दिवस संपत आले होते. समोर मोठा बोर्ड, त्यावर चिमुकले दिवे. दिवा लागला की पिन त्या भोकात घालायची आणि नंबर विचारायचा. एका दुपारी बोर्डाच्या मधोमध दिवा लागला. मी पिन घातली, नंबर विचारला, पलीकडे कुणीच नाही. तो दिवा हळूहळू मोठा झाला. त्याला करवतीसारखे दाते फुटले, दात्यांवरून उन्हातलं पाणी हलावं तशी झळाळी फिरू लागली, आणि मधला भाग नाहीसाच झाला. शेजारी बसलेल्या शकुंतलाकडे पाहिलं तर तिचा चष्मा होता, नाक नव्हतं. मग सगळा बोर्ड होडीत ठेवल्यासारखा कलला. थोड्या वेळानं सगळं जागच्या जागी आलं.

सुपरवायझरीणबाई म्हणाल्या, "डोळे तपासून घ्या." चष्मा लागला. मग त्या करवती मला चष्म्यातूनही दिसू लागल्या. कानाच्या डॉक्टरांनी कान धुतला. हाडाच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. सासूबाईंचं निदान सगळ्यांत आशावादी होतं. मला चक्कर आली की त्या कॅलेंडरकडे बघायच्या आणि शेजारणीला हळूच सांगायच्या, "बहुतेक आहे हो काहीतरी." मला मूल एकच झालं, पण त्यांनी माझी निदान पंधरा बाळंतपणं मनात उरकली असतील.

माझ्या जाऊबाईंना अर्धशिशी होती. त्यांचं डोकं उठलं की खिडक्यांना गोधड्या लागायच्या आणि नाकात साजूक तुपाचे थेंब पडायचे. मी एकदा म्हटलं, मलापण तसंच काहीतरी होतं. जाऊबाई म्हणाल्या, "डोकं दुखतं का?" मी म्हटलं, "नाही." "मग तूप कशाला वाया घालवायचं?" विषय संपला.

आमचे हे, भूपाल चौगुले, गेले तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. मुलगा अभिनंदन बंगळूरला. मी सांगलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटी. एका सकाळी बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन येताना जिना एकदम तिरका झाला. मी पडले, आणि दूधवाला येईपर्यंत जिन्यातच पडून राहिले. अभीला फोन गेला तो त्या दूधवाल्याचा. तो फोन अभी अजून विसरलेला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते, कारण पुढे त्याची बाजू कुणाला दिसणार नाही.

तेव्हा मी मिरजेच्या डॉक्टर मगदूमांकडे गेले. तरुण बाई, मेंदूची डॉक्टर. तिनं मला तासभर बोलू दिलं. एक्स्चेंजचा दिवा, शकुंतलाचं नाक, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकू, ही अर्धशिशीच आहे."

"अहो, पण डोकं कधीच दुखलं नाही."

"तुम्ही सांगलीच्या ना? पूर पाहिलाय?"

"एकदा का?"

"मग असं समजा. मेंदूच्या वरच्या थरातून एक लाट जाते, विजेची. मुंगीपेक्षा कितीतरी सावकाश सरकते. ती जिथून जाते तिथल्या पेशी आधी एकदम चेतवल्या जातात आणि मग गप्प होतात. दृष्टीच्या भागात शिरली की आधी झळाळी दिसते, मग मधे काहीच दिसत नाही. तोल सांभाळणाऱ्या भागात गडबड झाली की घर फिरतं. लाटेनं वेदनेच्या नसा चाळवल्या तर डोकं दुखतं. तुमच्यात तिथपर्यंत पाणी पोचतच नाही. पण पेठेत पाणी शिरलं आणि भोंगा वाजला नाही, म्हणजे पूर आलाच नाही, असं असतं का?"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. पन्नास वर्षं मी ज्याला डोळे, कान, मान, नशीब म्हणत होते, त्याला नाव मिळालं.

पट्टी तिनंच लावली. कानामागे चिकटते, नखाएवढी जाड. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, भूक-झोप-मूड बघणारा. लाट येण्याच्या काही तास आधीच तो जागा होतो, असं डॉक्टर म्हणाली. माणसाला जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, उगीच हुरूप येतो. पट्टी ती चाहूल ओळखते आणि प्रत्येक माणसाची वेगळी खूण शिकत जाते.

पहिलं वर्ष मला पट्टीचे पाय धरावेसे वाटायचे. दिवा केशरी झाला की मी गॅस बंद करून आडवी व्हायची, आणि खरंच दुपारपर्यंत भिंती हलायच्या. पडणं थांबलं. मग सोसायटीचा नियम आला. एकटं राहणाऱ्या, चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्यांची पट्टी घराला जोडायची. घर म्हणजे गॅस, गीझर, लिफ्ट, दार. केशरी असेल तर दार लागणार. उघडायचं असेल तर मदतकेंद्र नातेवाइकाला विचारणार. रिक्षाही आता चालकाविना असतात. त्याही पट्टी वाचतात आणि केशरी माणसाला आत घेत नाहीत. पट्टी काढली तर तेही केंद्राला कळतं. आणि बाहेर असताना लाट आलीच, म्हणजे पट्टी थरथरून केंद्रात दिवा लाल झाला, तर ते माणूस एकटं राहायला योग्य नाही असं मानलं जातं. अभीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, "आई, बाहेर एकदा जरी लाल झालं ना, तर फ्लॅट बंद आणि तू बंगळूर. आता कबूल कर, नंतर भांडू नकोस." मी कबूल केलं होतं.

तरी चाललं होतं. भाजी, बस्ती, बँक, कुठेही जाताना दिवा हिरवाच राहायचा. अडचण अक्कापाशी सुरू झाली.

अक्का माझी थोरली बहीण, राजमती. कुरुंदवाडला दिली. सांगलीपासून रिक्षानं तासाभराची वाट. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालण्यापासून लग्न जमवण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. तिची सून पद्मजा तिला अत्ती म्हणते; एक दिवस त्या पद्मजाचा फोन आला.

"मावशी, अत्तींचं विसरणं वाढलंय. काल मामंजींच्या फोटोला 'हे पाहुणे कोण' म्हणाल्या. अधूनमधून लख्ख होतात, पण फार टिकत नाही. तुमचं नाव मात्र घेतात. यायचं तर आत्ताच या."

मागून अक्का ओरडली, "त्रिशी आहे का? तिला म्हणावं, मी सगळ्यांना विसरायला लागलेय, तू नंबर लाव लवकर!"

तिला इकडे आणायची सोय नव्हती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की घाबरून किंचाळायची. फोनवरच्या चेहऱ्याला ती 'काचेतली बाई' म्हणायची आणि फोन पालथा घालायची. जायचं ते मलाच.

मी इरकल नेसले. 'टक्.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग आठवडाभर रोज. शेजारच्या रत्नप्रभाबाई सोबत यायला तयार झाल्या, पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या, दिवा केशरीच. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं हे दार सासरच्यासारखं वागतंय. माहेरचं नाव काढलं की फुरंगटतं."

मी अभीला फोन लावला.

"आई, केशरी म्हणजे केशरी. मी परवानगी दिली आणि तू वाटेत पडलीस तर?"

"भाजीला जाताना हिरवा असतो रे. अक्काकडे निघालं की केशरी."

"मग त्या दिवशी जाऊ नकोस ना. दिवाळीला मी येतो, आपण दोघं जाऊ."

"दिवाळीपर्यंत ती मला ओळखेल का?"

मग म्हणाला, "आणि मी तुला जिन्यातून उचलायला पोचेन का, ते सांग." त्याचं प्रेम खोटं असतं तर मी केव्हाच भांडून सुटले असते.

डॉक्टर मगदूमनं माझी पट्टी तपासली आणि पडद्यावरच्या नोंदी मागे नेत नेत बघितल्या.

"काकू, तुमची खूण वेगळी आहे. जांभया नाहीत, गोड नाही. तुमच्यात लाटेच्या आधी येतो तो हुरूप. आनंद. पट्टीनं तेवढं बरोबर पकडलंय."

"म्हणजे मला आनंद झाला की ती दार लावते?"

"आनंद झाला की लाट येण्याची शक्यता वाढते, तुमच्यापुरती. बारशाला, लग्नाला, सणाला तुम्हाला चक्कर यायची का पूर्वी?"

मी आठवत गेले. अभीच्या बारशाला मी आत जाऊन झोपले होते. अक्काच्या मुलाच्या लग्नात अक्षता पडताना मला नवरामुलगा अर्धाच दिसला होता. एक्स्चेंजमधल्या त्या दुपारी आमचे हे मला पहिल्यांदा सिनेमाला नेणार होते. मी म्हटलं, "पट्टी खोटं बोलत नाही."

"नाही. म्हणूनच मला ती सैल करता येत नाही. तुमच्या मुलाची सही लागेल." मग ती खाली बघत म्हणाली, "असे पेशंट वाढतायत, काकू. एक गृहस्थ नातवाचे फोटो बघायचे बंद झालेत. दिवा हिरवा राहावा म्हणून."

घरी येऊन मी खुर्चीत बसले. दारावर दिवा हिरवा होता. मला कुठेच जायचं नव्हतं म्हणून हिरवा. मनात अक्काचा आवाज आणला, तिचं ते 'नंबर लाव' आठवलं, आणि हसू फुटायच्या आत 'टक्' झालं. माझ्याच मनावर माझ्याच घरात पहारा बसला होता.

उपाय सुचला तो बस्तीत. आम्हां जैनांत सामायिक असतं. दोन घटका एका जागी बसायचं, सुख नको, दुःख नको, राग-लोभ नको. मन समतेत ठेवायचं. आई करायची. मी लहानपणी तिच्या शेजारी बसून मुंग्या मोजायची. आता मी मन लावून बसू लागले. डोळे मिटायचे आणि अक्काला मनात आणायचं, पण दगडासारखं. एक म्हातारी आहे. तिचं नाव राजमती. ती मरेल, मीही मरेन. घरी हाच अभ्यास दाराकडे तोंड करून करायची. सुरुवातीला नावानंच दिवा बदलायचा. हळूहळू नाव पचलं. मग तिचा चेहरा पचला. मग ती मला पोटाशी धरतेय, हेही मी कोरड्या मनानं पाहू शकले. दिवा हिरवा.

बस्तीतले पंडित म्हणाले, "त्रिशलाबाई, फार चढलात हो तुम्ही. चेहऱ्यावर काय शांती आली!" मी हात जोडले. भगवंताला सांगितलं, मी समता शिकतेय ती बहिणीकडे पळून जायला, जे पाप लागायचं ते लागू दे.

निघायच्या सकाळी इरकलीकडे पाहिलंच नाही. कपाटातली जुनी पांढरी सुती साडी नेसले. फुलं नाहीत, बांगड्या नाहीत, गाठोडं नाही. जाताना पेढे घेतले असते तर तेवढ्यानंही मन हललं असतं. दारातून बाहेर पडले. रिक्षेनं पट्टी वाचली आणि आत घेतलं. जयसिंगपूर गेलं, शिरोळ गेलं. दोन्ही बाजूंना उसाचे फड. याच रस्त्यानं अक्काची वरात गेली होती, मी तिच्या मांडीवर झोपले होते. मी ती आठवण आली तशी जाऊ दिली. एक रस्ता आहे. ऊस आहे. मी बसले आहे.

पद्मजा दारातच होती. "मावशी! किती दिवसांनी!" तिनं मिठी मारली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो मोजून मागे घेतला. ती जरा चरकली. "बरं नाही का?"

"बरी आहे. अक्का कुठाय?"

"सोप्यावर. सकाळपासून चांगल्या आहेत, लवकर या."

अक्का सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, पलंगावर पाय सोडून बसली होती. केवढीशी झाली होती. मी समोर उभी राहिले. मनाला घट्ट धरून ठेवलं होतं. अजून परतायचं होतं, घर टिकवायचं होतं. म्हटलं, तिनं एकदा ओळखावं, मी शांतपणे बघावं, आणि हिरवीच्या हिरवी परत जावं.

"अक्का, मी आले."

तिनं वर पाहिलं. माझी पांढरी साडी पाहिली, डोक्यावरचा पदर पाहिला, माझा चेहरा बराच वेळ पाहिला. आणि धडपडत उठली, दोन्ही हात जोडले.

"वंदामि, माताजी!"

पद्मजा मागून म्हणाली, "अत्ती, अहो, ह्या त्रिशलामावशी."

"गप गं. माताजींसमोर असं बोलतात? सोवळ्यानं पाणी तापव. आहाराची तयारी कर." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "माताजी, विहार करत आलात? मोरपिसांची पिंछी कुठं ठेवलीत?"

पांढऱ्या साडीमुळे तिला मी संसार सोडलेली साध्वी वाटले होते. तिच्या ओळखीतली त्रिशी अशी कधी उभी राहिलीच नव्हती. मी काही बोलायच्या आत ती पलंगाच्या कडेला धरून खाली बसली आणि माझ्यापुढे वाकू लागली. जिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ती अक्का माझ्यापुढे डोकं टेकायला निघाली होती, आणि मी समतेत उभी होते. पट्टी गप्प होती. मी अशीच राहिले असते तर ती माझ्याकडे आशीर्वाद मागून पुन्हा पलंगावर बसली असती आणि मी सांगलीला माझ्या घरात गेले असते, उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी.

तिचं कपाळ जमिनीपर्यंत पोचेना. अर्ध्यात अडकली, आणि तशीच वाकलेली स्वतःशी पुटपुटली, "आयला, कंबर काय ऐकंना. माताजी, इथूनच मानून घ्या."

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. मी खाली बसले, तिला दोन्ही हातांनी धरलं आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून घोड्यासारखा आवाज. कानामागे पट्टी थरथरली, मग चावल्यासारखी सतत थरथरत राहिली. मी धरून ठेवायचं सोडून दिलं.

अक्का माझ्या हसण्याकडे कान देऊन ऐकत होती.

"हे असं खिंकाळतं कोण?" ती म्हणाली. "त्रिशे? मेले, तू आहेस होय?"

"मीच, अक्का."

"दीक्षा घेतलीस आणि मला कळवलं नाहीस? थोरल्या बहिणीला विचारायची पद्धत असते का नाही? पद्मे, ही बघ, ही माझी त्रिशी. लहानपणी भिजवलेली डाळ पळवायची, आणि आता माताजी झालीय!"

ती बोलत सुटली. आईचं नाव बरोबर घेतलं, आमच्या म्हशीचं नाव बरोबर घेतलं. माझे गाल तिनं दोन्ही तळव्यांत धरले. आणि तिच्या कुंकवाच्या जागी एक बारीक ठिपका चमकला. मी डोळे मिचकावले. ठिपका गेला नाही. त्याला दाते फुटले. तो तिच्या कपाळावरून पसरत नाकाकडे आला, ओठांकडे आला.

पर्समधला फोन वाजू लागला. पद्मजानं काढून माझ्या कानाशी धरला.

"आई? आई, लाल आलंय! कुठे आहेस तू? पडलीस का?"

"नाही रे. बसलेय. अक्काजवळ."

"कुरुंदवाडला? आई, तू..." त्याचा श्वास ऐकू आला. "तुला माहीत होतं ना काय ठरलंय ते?"

"माहीत होतं. तू ये आणि सामान बांध. मी भांडणार नाही."

फोन तसाच चालू राहिला. सोपा सावकाश एका बाजूला कलू लागला. पलंगाचा पाय दिसत होता, पद्मजाची पावलं दिसत होती, अक्काच्या हातातली काकणं दिसत होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती झळाळी हलत होती, आणि झळाळीच्या आत काही नव्हतं. हे सरकायला वेळ लागतो, हे मला पन्नास वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. अक्काचं लख्ख असणं किती टिकेल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठं बघतेस गं?" अक्का म्हणाली. "माझ्याकडं बघ की."

"बघतेय, अक्का," मी म्हटलं, "तू बोलत राहा." आणि तिच्या आवाजाकडे तोंड करून तो डाग सरकायची वाट बघत बसले.